पहिलटकरीण

"कितवी खेप?" शेंडे डॉक्टरीणबाईंनी कागदावरची मान वर न करता विचारलं.

हेमानं तोंड उघडलं, पण तिच्या आधी आत्याबाई बोलून मोकळ्या झाल्या. "पहिलीच की हो! चार वर्षं देव पाण्यात घालून बसलो होतो, तेव्हा आत्ता कुठं दिवस गेलेत."

मी मागं भिंतीला टेकून उभी होते. मला जरा नवलच वाटलं. आत्याबाई म्हणजे कुणी "बाहेर पाऊस पडतोय का" असं विचारलं, तरी आधी दारापर्यंत जाऊन बघून येणार आणि मग सांगणार. आज विचारलेलं त्यांना नव्हतंच, तरी त्या पटकन बोलल्या. म्हटलं, नातवंडाच्या आनंदात म्हातारी पाघळली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणायची रीत. हेमा माझी धाकटी जाऊ, दिगंबरभाऊजींची बायको. आम्ही जातीचे कासार. विट्याच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या मागंच घर. ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशी सालची. तेव्हा आत्याबाई साठीला टेकल्या होत्या, माझ्या पदरात दोन मुली होत्या आणि हेमा सव्वीस वर्षांची होती.

"रक्त निगेटिव्ह आलंय हिचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि मालकांचं पॉझिटिव्ह."

"म्हणजे वाईट का हो?" मी मागूनच विचारलं. आत्याबाईंनी वळून माझ्याकडं असं पाहिलं, की मी जीभ चावली.

"वाईट नाही काही. पहिल्या वेळी बाळाला भीती नसते. बाळंत झाली की लगेच एक इंजेक्शन द्यायचं, म्हणजे पुढच्याला त्रास होत नाही. महाग असतं, पण मी पुण्याहून मागवून ठेवते. लोहाच्या गोळ्या घ्या, भाज्या खा, जड उचलू नका."

आम्हांला त्यातलं एवढंच कळलं, की पहिल्या मुलाला काही होत नाही. पुढचं पुढं. आम्ही येताना पेढे घेऊनच घरी आलो.

हेमा मात्र त्या दिवशी गप्प होती. संध्याकाळी मी भाकरी थापत होते, ती चुलीपाशी येऊन बसली.

"अक्का, डॉक्टरीणबाईंना एकदा एकटीनं भेटून यावं म्हणते."

"एकटीनं कशाला? मी येते की बरोबर."

"नको गं बाई," ती हसून म्हणाली. "तू आलीस तर संध्याकाळपर्यंत पेठेत दवंडी."

मीही हसले. खोटं कशाला बोलू, मला बोलायला लागतं. पोटात राहिलं की मला अपचन होतं, असं आमचे हे म्हणायचे. आणि त्यापायी घरात मला एक शिक्षाच होती. आत्याबाई टोपली घेऊन घरोघरी बांगड्या भरायला जायच्या, पण मला कधी न्यायच्या नाहीत. माझं काम दुकानात. हेमाला मात्र लग्न होऊन सहा महिने झाले नाहीत तोवर न्यायला लागल्या. मी एकदा भांडलेच. "मी थोरली, माझा हात तिच्यापेक्षा हलका, एक बांगडी फुटत नाही माझ्याकडून. मला का नाही?"

"तुझा हात हलका आहे गं," आत्याबाई म्हणाल्या, "पण कासारणीचं तोंड जड पाहिजे."

ते खरंच होतं म्हणा. बांगड्या भरताना बाईचा हात आपल्या हातात असतो. तो दाबायचा, चोळायचा, गोंजारायचा, "सैल सोड गं, सैल सोड" म्हणत राहायचं. हात सैल सुटला की बाईचं मनही सुटतं. नवरा मारतो, सासू उपाशी ठेवते, पाळी चुकलीय, दिराची नजर चांगली नाही, सगळं कासारणीच्या कानात. आत्याबाईंनी चाळीस वर्षं तालुक्यातल्या बायकांचे हात धरले. एका घरातलं दुसऱ्या घरात कधी नेलं नाही. आपल्या सासूनं घालून दिलेला नियमच होता तो, आणि त्या तो देवधर्मासारखा पाळायच्या. मामंजी म्हणायचे, हिला मारली तरी हिच्या पोटातून काही बाहेर पडायचं नाही.

तर हेमाचं सांगत होते. चार वर्षं तिला काही नव्हतं. तासगावची पोर, दिसायला छान, वागायला त्याहून छान. लग्नाआधी तिचा एक साखरपुडा मोडला होता. मुलाकडच्यांनी मोडला, ते आम्हांला सांगूनच दिली होती. आत्याबाईंनी काही शंकाकुशंका काढली नाही. मीच म्हटलं होतं, मोडलेला साखरपुडा, जरा चौकशी करा. तर म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. तू चूल बघ."

पाळी आली की हेमा न्हाणीघरात जाऊन रडायची. रडावं, पण किती? चार वर्षं म्हणजे काही जन्म नाही गेला. सोमवार केले, संकष्ट्या केल्या, आमच्या काळिकादेवीला नवस झाला. एकदा मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, तर हळूच विचारलं तिनं.

"अक्का, पिशवीला एकदा काही झालं, तर पुढं मूल राहतच नाही का गं?"

"तुझ्या पिशवीला काय व्हायचंय? कोरी करकरीत पिशवी ती! घडीसुद्धा मोडली नाही अजून," मी म्हटलं आणि माझ्याच विनोदावर खिदळले.

ती हसली नाही. तेल लावून झाल्यावर उठून आत गेली आणि देवापाशी बसली.

वांझ हा शब्द मात्र आत्याबाईंनी घरात येऊ दिला नाही. मामंजींच्या बहिणीनं एकदा विषय काढला, "दिगूचं दुसरं करा." तर आत्याबाईंनी तिच्या पुढ्यातलं ताट उचललं. "जेवण झालं असेल तर हात धुवा," म्हणाल्या. मला तेव्हा जरा डाचलंच. मला दुसरी मुलगी झाली, तेव्हा माझ्या बाजूनं इतकं कुणी भांडलं नव्हतं.

आणि मग त्या वर्षी पाळी चुकली. हेमानं दोन महिने कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. तिला उलट्या व्हायला लागल्या तेव्हा मी ओळखलं, आणि खरंच संध्याकाळपर्यंत पेठेत कळलं. दिगंबरभाऊजी गल्ल्यावर बसल्या बसल्या एकटेच हसायचे. गिऱ्हाइकाला सुटे पैसे जास्तीच द्यायचे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. आमच्यात पहिलटकरणीचं कौतुक जरा जास्तीच. हिरवी साडी, फुलांचे दागिने, दारात सजवलेला झोपाळा. आत्याबाईंनी स्वतः हिरवा चुडा भरला, आणि नुसता दुकानातला नाही, फिरोजाबादहून खास मागवलेला. हेमाचा हात हातात घेऊन त्या हळूहळू एकेक बांगडी चढवत होत्या, आणि हेमाच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं.

"अगं, दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आत्याबाई, मला तुमच्याशी एकदा बोलायचंय."

आत्याबाईंनी बांगडीवरची नजर हलवली नाही. "आज काही बोलायचं नाही. आज नुसतं लाड करून घ्यायचे. हात सैल सोड."

तासगावहून तिची आई आली होती, सुलोचनाबाई. नवरा लवकर गेलेला, शिवणकाम करून एकटीनं पोर वाढवलेली बाई. तिनं त्या दिवशी सात प्रकारची मिठाई आणली होती, आणि सारखी हेमाच्या मागं मागं. मी पाट आणायला माजघरात गेले, तर दोघी कोपऱ्यात उभ्या. सुलोचनाबाई दबक्या आवाजात म्हणत होत्या, "माझी शपथ आहे तुला. आता गंगेत घोडं न्हालं, आता कशाला?"

"शपथ कसली घालताय हो विहीणबाई?" मी विचारलंच.

त्या दचकल्या. "अहो, पोरगी धड जेवत नाही. म्हणून शपथ घातली."

मी म्हटलं, बरोबर आहे, आईचा जीव. आणि पाट उचलून बाहेर आले.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं दोन दिवसांनी हेमा तासगावला गेली. जाताना शेंडे डॉक्टरीणबाईंना दाखवून गेली. ठोके चांगले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शन येईल तसं तासगावला पाठवून देते.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी शेजारच्या भांड्यांच्या दुकानात फोन आला. हेमाला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय, दोन दिवस पोटात बाळ हललं नाही, लवकर या. दिगंबरभाऊजी पायात चप्पल न घालता निघाले. मी आणि आत्याबाई पुढच्या एसटीनं गेलो. सबंध वाटेत मी बोलत होते, आठव्यातली मुलंही जगतात, माझी मावशी आठव्यातलीच, आणि आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तासगाव गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता गप बस कुमुद. देवाचं नाव घे."

आम्ही पोचलो तोवर पोट फाडून बाळ काढलं होतं. मुलगी झाली होती. हेमा अजून गुंगीत होती. सुलोचनाबाई बाकड्यावर बसून नुसत्या पुढंमागं हलत होत्या. भाऊजी रक्त आणायला रक्तपेढीत गेले होते.

मला काचेतून बाळ दाखवलं. मी दोन मुली जन्माला घातल्यात, भाचरं-पुतणी न्हाऊमाखू घातलीत, पण असं बाळ पाहिलं नव्हतं. केस काळेभोर, नाक थेट हेमाचं. पण अंग कागदासारखं पांढरं, त्यावर पिवळी झाक, आणि पोट टच्च फुगलेलं. नळ्या लावल्या होत्या. एवढीशी मूठ मिटलेली होती. मला वाटलं, काच फोडावी आणि तिला पदरात घेऊन पळत सुटावं.

तेवढ्यात मुलांचे डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, सकाळपासून उभे असावेत. त्यांनी आम्हां तिघींना एका बाजूला घेतलं.

"आईचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह," ते म्हणाले. "आईच्या रक्तानं बाळाचं रक्त परकं समजून फोडून टाकलंय. पोटातच. आम्ही सगळं रक्त बदलायचा प्रयत्न करतोय, पण उशीर झालाय."

"पण पहिल्याला होत नाही म्हणाल्या होत्या आमच्या डॉक्टरीणबाई!" मी म्हटलं. "मी स्वतः ऐकलंय!"

"पहिल्याला सहसा होतच नाही. म्हणूनच विचारतोय. पहिल्या खेपेला आईच्या रक्ताला हे कळायच्या आत बाळ जन्मलेलं असतं. एकदा कळलं की ते विसरत नाही, आणि पुढच्या बाळावर धावून जातं. ही पहिली खेप नाही. याआधी दिवस राहिले होते का? पडलं असेल, पाडलं असेल, काहीही."

"नाही हो," मी तावातावानं म्हणाले. "भलतंच काय विचारता? चार वर्षं झाली लग्नाला, मी घरात आहे. काही लपून राहील का माझ्यापासून?"

डॉक्टर माझ्याकडं बघत नव्हते. ते सुलोचनाबाईंकडं बघत होते. "मावशी, मला कुणाची अब्रू काढायची नाही. पण तिला पुढं मूल पाहिजे असेल तर मला खरं कळलं पाहिजे."

सुलोचनाबाईंनी पदर तोंडात कोंबला. आणि मग त्या तिथंच खाली, फरशीवर बसल्या आणि बोलायला लागल्या. साखरपुडा झाला होता. तो मुलगा यायचा-जायचा, आता लग्न ठरलंच आहे म्हणून कुणी अडवलं नाही. पोरीला दिवस गेले आणि त्यांनी साखरपुडा मोडला. तिसरा महिना होता.

"कुठं नेलं होतं?"

"कऱ्हाडच्या पुढं एक बाई होती. घरीच करायची. कुणाला कळू नये म्हणून खोटं नाव सांगितलं. रात्रभर रक्त जात होतं, मला वाटलं पोर जाते हातची. वाचली. ती बाई म्हणाली, कूस राहते की नाही सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी देवाला एकच मागत होते, माझ्या पोरीची कूस उजवू दे. दिवस राहिले तेव्हा मला वाटलं, सुटलो! देवानं माफ केलं. आता कशाला कुणाला सांगायचं? म्हणून शपथ घातली तिला."

डॉक्टर त्यांच्यासमोर खाली बसले. "मावशी, नुसतं पाडल्यानं हे झालं नाही. नीट दवाखान्यात पाडलं तर पुढं मुलं होतात, चांगली होतात. कायद्यानं होतं ते, नाव कुणाला सांगत नाहीत. तिथं नेली असतीत तर रक्त तपासलं असतं आणि तीन दिवसांच्या आत एक सुई दिली असती. तेवढ्यानं भागलं असतं. आणि सुई चुकली तरी चुकली. या वेळी पहिल्याच तपासणीला कुणी तरी सांगितलं असतं, तर डॉक्टरांनी दर महिन्याला रक्त तपासायला पाठवलं असतं, बाळाला त्रास सुरू झाला की लगेच इथं आणलं असतं. मग आम्हांला काही करता आलं असतं."

"कुणी तरी," असं ते पुन्हा म्हणाले आणि आत गेले.

मला राग आवरेना. मी आजारी माणसांसमोर, दवाखान्यात, भर व्हरांड्यात ओरडले. "अहो, जीभ झडली होती का तुमची? सात प्रकारची मिठाई आणलीत, एक शब्द नाही आणता आला? आम्ही काय खाल्लं असतं तिला? पोर मारलीत तुम्ही, पोर!"

सुलोचनाबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

"कुमुद, बास." आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "तिला बोलू नकोस. मलाही ठाऊक होतं."

मला आधी अर्थच लागला नाही. मी म्हटलं, काय ठाऊक होतं?

"सगळं. दिगूसाठी बघायला जायच्या आधीच. पलूसला एका घरी बांगड्या भरत होते. त्या घरची बाई हिची लांबची चुलती. हात हातात असताना बोलून गेली, आणि मग घाबरली. मी तिला वचन दिलं, हे इथंच राहील." त्यांचा आवाज एकसारखा चालला होता. "मग मी मुलगी बघायला गेले. पोरगी आवडली मला. म्हटलं, फसवलं कुणीतरी, त्याची शिक्षा हिनं जन्मभर का भोगावी? माझ्या घरात हिला कुणी काही बोलणार नाही. मी ते तिथंच पुरलं."

"दिगूभाऊजींना?"

"नाही सांगितलं."

"मामंजींना?"

"कुणालाच नाही."

"आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा?"

आत्याबाई बाकड्यावर बसल्या. "तिला खोटं बोलायला लागू नये म्हणून मीच बोलले. मला वाटलं, जे जन्माला आलंच नाही, ते कशाला मोजायचं? बाळाशी त्याचा काही संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही गं. मी समजत होते, मी तिला झाकतेय."

सुलोचनाबाई फरशीवरून वर बघत होत्या. दोन विहिणी. एकीनं चार वर्षं ही गोष्ट दुसरीपासून लपवली होती, आणि दुसरीला ती आधीपासूनच ठाऊक होती. माझ्या मनात आलं, या घरात एवढीशी गोष्ट मला कुणी चुकून सांगितली असती, तर मी ती शेंडे डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पहिल्याच दिवशी ओकले असते, पोर जगली असती आणि सगळ्यांनी मला शिव्या घातल्या असत्या. घाला म्हणावं शिव्या! हव्या तेवढ्या घाला! मी ते मोठ्यानं बोलले की मनात, मला आठवत नाही.

भाऊजी रक्ताच्या बाटल्या घेऊन आले. आमचे चेहरे बघून ते थबकले. "आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मान डोलावली आणि ते आत धावले.

पोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. दोनदा रक्त बदललं. मधे एकदा तिचा रंग जरा फिरल्यासारखा वाटला, तर भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, बघा, गुलाबी झाली ना? झाली ना?" मी म्हटलं, हो, झाली. मग नर्सबाई आल्या आणि पडदा ओढला.

तिला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून भाऊजींच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, हेमाला दाखवू? नर्सबाई म्हणाल्या, दाखवा. नाही दाखवलं तर ती जन्मभर शोधत राहील.

वॉर्डात हेमा उताणी पडली होती. टाके ताजे होते, कूससुद्धा बदलता येत नव्हती. भाऊजींनी पोर तिच्या छातीवर ठेवली. तिनं फडकं बाजूला करून चेहरा पाहिला, कानाच्या पाळ्या पाहिल्या, एक मूठ उघडून पाहिली. रडली नाही. "नाक माझं आलंय," म्हणाली. मग तिनंच फडकं परत नीट गुंडाळलं. भाऊजी पोरीला घेऊन निघाले आणि सुलोचनाबाई त्यांच्यामागून भिंतीला धरून धरून गेल्या.

हेमा छताकडं बघत म्हणाली, "डॉक्टरांनी मला विचारलं सकाळी. मी सांगितलं त्यांना. यांनाही सांगितलं. आता कशाला लपवायचं? अक्का, तुला सांगितलं ना कुणी?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"आत्याबाईंनाही सांग. त्या मला परत नेणार नाहीत, ठाऊक आहे मला. मी आईकडंच राहीन."

आत्याबाई माझ्या मागंच उभ्या होत्या. त्या पुढं झाल्या. मला वाटलं, यांनी आत्ता काही बोलू नये, निदान आज तरी. पण त्या बोलल्या.

"काय बोलतेस गं असं? तू माझी सून आहेस. मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, पोरी. लग्नाच्या आधीपासून. मी कधी मनात ठेवलं नाही. तुझ्या अंगावर मी कुणाची नजर पडू दिली नाही."

हेमानं मान वळवली आणि त्यांच्याकडं पाहत राहिली. खूप वेळ. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या बाळाला थोपटत होती, ते थांबल्यावरही ती पाहतच होती.

"तुम्हांला ठाऊक होतं?"

"हो गं राणी."

"मी चार वर्षं रोज भीत होते, आत्याबाई. तुम्हांला कळलं तर तुम्ही मला हाकलाल. तेवढ्या एका भीतीनं मी गप्प बसले." तिचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "तुम्हांला ठाऊक होतं तर मला एकदा म्हणायचं होतंत की हो. एकदाच. मी त्याच दिवशी जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं."

आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी गेल्या, खाली बसल्या आणि त्यांनी सुनेचे दोन्ही पाय धरले. पायांवर कपाळ टेकवलं आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं रडताना ऐकलं. सबंध वॉर्ड बघत होता. सासूनं पाय धरले तर कुठलीही सून पाय आखडून घेते, टाके तुटले तरी घेते.

हेमानं पाय मागं घेतले नाहीत.